दुसऱ्या अंकातलं बोलणं

माझं लग्न जवळजवळ मोडलं होतं, ते एका नाटकामुळे. पत्रिका जुळत नव्हती असं नाही, मुलाला काही व्यसन होतं असंही नाही. गावच्या जत्रेतलं नाटक आडवं आलं. आज हे सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

आमचं गाव पिंपळे सौदागर. नदीच्या या काठाला आमचे मळे आणि पलीकडे पिंपरी. पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला आणि त्याचा भोंगा आमच्या गोठ्यापर्यंत ऐकू यायला लागला. कारखान्याबरोबर परगावची माणसं आली. कुणी कोकणातली, कुणी मोगलाईतली. मोगलाई म्हणजे मराठवाडा. तिथलं निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडातून ते नाव जात नव्हतं. असाच एक मोगलाईतला मुलगा आमच्या आळीत खोली घेऊन राहिला होता. सायकलवरून शिफ्टला जायचा आणि खाली मान घालून परत यायचा. वडिलांना तो पसंत पडला. पर्मनंट झालाय, दारूला शिवत नाही, कुळी बसते, एवढं त्यांना पुरे होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

अडचण एकच होती, मामा. आमच्यात मामाच्या होकाराशिवाय मुलीचं लग्न ठरत नाही. मामा महाळुंग्याचा, चाकणच्या बाजारात कांदा विकण्यात हयात गेलेली. पोत्यात हात घातला की तळाचा कांदा कसा आहे ते सांगायचा, आणि माणसाचंही तसंच सांगता येतं असा त्याचा समज होता. तो चैत्रातल्या जत्रेला आमच्याकडे येणार, तेव्हा मुलगा बघणार, मग बोलणी. तोवर कुठं वाच्यता करायची नाही, कारण आधी बोभाटा झालेली सोयरीक मोडते, असं आमच्याकडे पक्कं समजलं जायचं. घरात वडील, आई, आत्या आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं.

आता आत्याबद्दल सांगते. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ऐन पंचविशीत नवरा तापानं गेला आणि ती आमच्याकडे परत आली, ती कायमची. तोंडानं तिखट, कामाला वाघ. आळीतल्या पोरी दुपारी तिच्याभोवती जमायच्या, कारण गावात तिच्याइतक्या गोष्टी कुणाला येत नव्हत्या. बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम उन्हाळ्यात घरोघरी असायचं. आया आपापल्या पोरींना शेंगांच्या टोपल्यांसकट आमच्या पडवीत पाठवायच्या. पोरी घरात राहत, शेंगा फुटत आणि वर चांगलं वळण लागे, असा तिहेरी फायदा होता.

वळण लागे असं मी म्हटलं, कारण आत्याच्या बहुतेक गोष्टी भुललेल्या पोरींच्या असत. एखादी कासारामागं जायची, एखादी वाटसरूला पाणी पाजता पाजता त्याच्या गोड बोलण्याला फसायची. शेवटी एकीचा दगड व्हायचा, एकीचं पाखरू, आणि बाकीच्या सगळ्या विहिरीत उडी मारायच्या. आम्ही डोळे पुसायचो आणि पुढची शेंग फोडायचो. मी सातवी पास झालेली, मला जरा अक्कल होती. एकदा मी तिला म्हटलं, आपल्या पंचक्रोशीत ज्या बायकांनी विहीर जवळ केली त्या सासूच्या जाचानं केली, भुलून नाही. ती म्हणाली, सासूची गोष्ट सांगायला बसले तर तुमच्या आया तुम्हाला इथं पाठवायच्या नाहीत.

त्या वर्षी जत्रा कमिटीनं ठरवलं की पौराणिक नाटक नको, सामाजिक करू. शाळेच्या मास्तरांनी तीन अंक लिहिले. साधीभोळी शेतकऱ्याची पोर, तिला भुलवणारा शहरी बाबू, शेवटी विहीर. कारखाना आल्यापासून लेकीबाळींची काळजी सगळ्यांनाच लागली होती, त्यामुळे विषय सर्वांना पटला. प्रश्न आला तो बाबू कोण होणार याचा.

आमच्या भागातली ही जुनी खोड आहे. जत्रेला गावोगावचे पाहुणे येतात, आणि त्यांच्यात मुलींचे बाप असतात. म्हणून गावातला कुठलाही लग्नाचा पोरगा नाटकात खलपुरुष होत नाही. राजा होईल, देव होईल, मिशा काढून बाईसुद्धा होईल, पण वाईट माणूस होणार नाही. पुनावळ्याचा एक गडी एकदा हौसेनं दुष्ट सावकार झाला होता. काम इतकं झकास वठलं की पुढं त्याला कुणी मुलगी देईना. शेवटी लग्न झालं ते घाटाखाली, जिथं ते नाटक कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून असलं काम परक्याच्या गळ्यात घालायची रीत होती. आणि त्या वर्षी गावात बोलावलं की येणारा, नाही म्हणायची सवय नसलेला परका म्हणजे आमच्या आळीतला तो मुलगा. त्याला ही रीत कुठून माहीत असणार? गावानं आपलं मानलं म्हणून तो बिचारा खूश झाला.

वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. अडवावं तर का अडवता ते सांगावं लागणार, आणि सांगावं तर मामानं बघायच्या आधीच सोयरीक गावभर होणार. ते गप्प बसले. नाटकाला कोण एवढं खरं धरतं, असं आईला म्हणाले. पुनावळ्याचा गडी त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नसावा.

जत्रेच्या आधी एका दुपारी मास्तर आमच्या पडवीत आले. पोरी अजून जमल्या नव्हत्या, आत्या आणि मीच शेंगा फोडत होतो. मास्तर जरा कानकोंडे झाले होते. दुसऱ्या अंकात बाबू विहिरीवर त्या पोरीला भुलवतो, तो प्रवेश त्यांना साधत नव्हता. तालमीत सगळे हसत होते. आत्यानं वाचून दाखवायला सांगितलं. मास्तरांनी खाकरून वाचलं, हे चंद्रमुखी, तुझ्या नेत्रकटाक्षांनी मी घायाळ झालो आहे.

आत्यानं मान वर न करता विचारलं, “मास्तर, ही पोर येडी हाय का?”

मास्तर म्हणाले, वेडी नाही, निरागस आहे. आत्या म्हणाली, मग तिला नेत्रकटाक्ष म्हणजे काय ते तरी कळेल का? मला हसू आवरेना. मास्तरांनी कागदाची घडी घालायला घेतली, तेव्हा ती बोलायला लागली. शेंगा फोडता फोडता, एखादी पाककृती सांगावी तशी. रूपाचं कौतुक केलं की पोरगी लाजते, घरी पळते आणि मैत्रिणीला सांगते, म्हणाली. रूपानं कुणी भुलत नाही. “त्यानं म्हनावं, घागर खाली ठेव. सकाळधरनं किती खेपा झाल्या? मान अवघडली आसंल. जेवलीस का? न्हाई, मला ठावं हाय, समद्यांचं झाल्यावर तू जेवनार. मला काय नगं तुझ्याकडनं. तू नुसती टेक घटकाभर. कोन येतंय का ते मी बघतो.” मास्तरांनी भराभरा उतरवून घेतलं. ते गेल्यावर आत्यानं पोरींसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, आणि त्या दिवशीची गोष्ट कासाराची सांगितली.

मामा जत्रेला आला. मुलगा तालमीत अडकलेला, म्हणून भेट दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. संध्याकाळी बत्त्या पेटल्या आणि गाव देवळापुढं बसलं, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. मामा वडिलांच्या शेजारी, अगदी पुढं. पहिला अंक आरडाओरड्यात गेला. बाबू रंगमंचावर आला तेव्हा बायकांनी रिवाजाप्रमाणे बोटं मोडली आणि त्याचा मुडदा बशिवला. मग दुसरा अंक लागला, विहीर आली आणि तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, घागर खाली ठेव.

मला ते सगळं पाठ होतं. ते शब्द मी आत्याच्या तोंडून ऐकले होते, शेंगांचा कचरा आवरता आवरता मनात घोळवलेही होते. तरी माझ्या अंगावर काटा आला. आणि मी एकटी नव्हते. बायकांच्या बाजूला एकदम चिडीचूप झालं. कुणी बोटं मोडली नाहीत. माझ्या पुढं बसलेल्या नव्या सुनेनं पदराचा बोळा तोंडात धरला. जेवलीस का, असं त्यानं विचारलं तेव्हा एक म्हातारी, सात लेकरं वाढवलेली, आपल्याशीच पण सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणाली, “टेक गं बाई, टेक घटकाभर.” पुरुषांच्या बाजूला आधी हशा झाला. मग त्यांच्या लक्षात आलं की बायका हसत नाहीत, आणि तेही गप्प झाले.

तिसऱ्या अंकात पोरीनं उडी मारली. पडद्यामागं कुणीतरी पाण्याच्या घंगाळात दगड टाकला. नंतर मास्तरांनी येऊन भाषण केलं, कारखाने आले आहेत, लेकींना जपा. त्या रात्री मी खुळ्यासारखी सुखात होते. असं बोलणारा माणूस उद्या आपल्याला बघायला येणार, एवढंच डोक्यात होतं. बोलणं कुणाचं आहे हे पक्कं माहीत असूनही.

सकाळी मटणाचा बेत होता. शेजारच्या दोघी मदतीला आल्या होत्या, पाट्यावर वाटण चाललं होतं. मामा ओट्यावर बसला होता, आंघोळ करून, मुंडासं बांधून. त्यानं वडिलांना स्वच्छ सांगितलं की मुलगा बघायची गरज नाही, बघून झाला. वडील म्हणाले, अहो ते नाटक होतं. मामा म्हणाला, नाटक त्यालाही कळतं. खोटं बोलणारा माणूस त्यानं बाजारात रोज पाहिला आहे, त्याचं काही वाटत नाही. पण काल बायका गप्प बसल्या. असं बोलणं शिकवून येत नाही, ते केलेल्या माणसालाच येतं. मोगलाईत त्यानं काय दिवे लावलेत ते कोण बघायला गेलंय? आणि जेवायला थांबत नाही, असं म्हणून त्यानं वहाणा पुढं ओढल्या. जत्रेच्या दिवशी पाहुणा न जेवता उठणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आई आत रडायला लागली.

वडिलांनी मास्तरांना बोलावणं पाठवलं. मास्तर आले आणि म्हणाले, सगळं बोलणं मी लिहिलेलं आहे, त्या मुलाचा त्यात काही दोष नाही. मामा नुसता हसला. “मास्तर, पयला अंक तुमचा, तिसरा बी तुमचा. इहिरीवरचं बोलनं तुमचं न्हाई.” मास्तरांनी खाली पाहिलं. आपलं लेखकपण सांभाळतात म्हणून मला त्यांचा संताप आला. ते आत्याला सांभाळत होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी दाराआड उभी होते. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी बोलू शकत नव्हते. भाचीनं मामापुढं जाऊन आपल्या लग्नाचं बोलायचं, असा काळ नव्हता. आणि बोलले असते तर घरातल्या विधवा बाईचं नाव असल्या बोलण्याशी जोडलं असतं. मी आत्याकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, शेकली, उतरवून ठेवली. मग हात धुतले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि चौकटीशी जाऊन उभी राहिली.

“ते बोलनं माझं हाय,” ती म्हणाली. “मास्तरांनी इचारलं, मी सांगितलं. त्या पोरानं पाठ केलं. त्याला माघारी लावू नगा.”

वडील म्हणाले, तू आत जा. ती गेली नाही. मामानं विचारलं, आवाज न चढवता, पण विचारलंच, “तुमाला कुनी शिकवलं?”

“मला कुनीतरी बोललं हुतं.”

“कवा?”

“सासरी. मालक जित्तं हुतं तवा.”

पाट्यावरचा वरवंटा थांबला. मामा वहाणांकडे बघत राहिला. त्यानं पुढचं विचारलं नसतं, असं मला वाटतं. पण आत्याला अर्धवट गोष्ट सांगायची सवय नव्हती.

“मी घागर खाली ठिवली,” ती म्हणाली. “टेकले. मंग उटले, पानी घिऊन घरी आले, सांजच्या भाकरी केल्या. इहिरीत कुनी उडी मारली न्हाई.”

एवढं बोलून ती आत आली आणि पुढची भाकरी थापायला बसली. लहानपणापासून ऐकलेल्या त्या सगळ्या पोरी, दगड झालेल्या, पाखरं झालेल्या, बुडालेल्या, माझ्यासमोर परातीशी बसून पीठ मळत होत्या. गोष्टीत बाई भुलली की तिला मारावंच लागतं, नाहीतर ऐकणाऱ्यांना गोष्ट संपल्यासारखी वाटत नाही. आत्या तेवढ्यासाठी इतकी वर्षं स्वतःला विहिरीत ढकलत आली होती. मला तिची दया आली नाही. मला तिची भीती वाटली, आणि मग एकदम फार माया वाटली.

बाहेर मामा उठला. तो गेला असं वाटून आईनं तोंडात पदर कोंबला. पण मामानं वहाणा उचलून परत ओट्याच्या कडेला नीट लावून ठेवल्या आणि आत हाक मारली, “ताई, पानं घे. आन त्या पोराला जेवायला बोलीव.” एवढंच. त्या सकाळचा विषय त्यानं जन्मात पुन्हा काढला नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. मामा अंतरपाटाशी माझ्यामागं उभा राहिला. आत्या विधवा म्हणून मांडवाच्या कडेला होती, ती तशीही तिथंच असती.

हे, म्हणजे माझे यजमान, चांगले निघाले. पिंपरीला दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. मी सुरुवातीचे काही महिने उगाच वाट बघत होते. शिफ्टवरून यायचे, हातपाय धुवायचे आणि जेवायला वाढ म्हणायचे. जेवलीस का, असं त्यांनी मला विचारल्याचं आठवत नाही. एकदा मी नाटकाचा विषय काढला, तर म्हणाले, बाई गं, मला पाठांतराची इतकी धास्ती होती की काय बोलतोय ते कळतच नव्हतं. समोर तुझ्या मामाच्या मिशा तेवढ्या दिसत होत्या. मला राग यायला हवा होता, पण मी पोट धरधरून हसले. ज्या बोलण्यावर मी भाळले, ते बोलणारा पुरुष मला कधी भेटलाच नव्हता. भेटला होता तो आत्याला.

पुढच्या चैत्रात मी जत्रेला माहेरी गेले. कमिटीनं देवादिकांचं नाटक लावलं होतं. वडील आत्याशी बोलत होते, पण आईच्या मार्फत. तिला सांग, बैलांना पेंड घाल म्हणावं, असं. दुपारी मी पडवीत आले तर आत्या एकटीच शेंगा फोडत बसली होती. तिच्याभोवती एक पोरगी नव्हती. त्या सकाळी पाट्यावर बसलेल्या शेजारणींनी आपलं काम चोख केलं होतं, ऐकलेलं घरोघर पोचवलं होतं. आळीतल्या पोरी आता दुसऱ्या ओट्यावर बसत. तिथं गोष्टी सांगणारं कुणी नव्हतं, पण आयांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मी टोपली ओढून तिच्याजवळ बसले. ती गोष्ट सांगेल असं वाटलं, पण नाही सांगितली. माझ्या लग्नापायी हिनं आपला दुपारचा दरबार घालवला, हे मला बोचत होतं. मी ते बोलून दाखवलं, तर ती म्हणाली की कान किटले होते तिचे त्या पोरींच्या मुसमुसण्यानं. खोटं बोलत होती. मधूनमधून तिची नजर पडवीच्या पायरीकडे जात होती, कुणी येतंय का ते बघायला.

मग मी ते विचारलं, जे सासरी जाऊन आलेली मुलगीच विचारू शकते. तो कोण होता ते नाही विचारलं. विचारलं, त्या दिवशी घागर खाली ठेवली, त्याचा पस्तावा झाला का कधी?

आत्यानं हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला टाकलं.

“ठिवल्याचा न्हाई झाला,” ती म्हणाली. “परत उचलली, त्याचा हुतो.”

मग म्हणाली, दाराआड दुसरं पोतं आहे, ते ओढून आण, संध्याकाळपर्यंत एवढं संपवू. मी आत गेले. पोतं समोरच होतं, पण मला परत यायला वेळ लागला. आम्ही दिवस मावळेपर्यंत शेंगा फोडल्या.